पहिला दाब सलामीचा: रोडस्टर आणि कूपेने जयपूर ते पुष्कर

मी घाबरट आहे, हे आधीच कबूल करून टाकते. लिफ्टमध्ये शिरण्याआधी मी जिना कुठे आहे ते बघून ठेवते. जयपूरमधल्या गोपालपुऱ्याच्या एका क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवते, त्यामुळे माझी भीतीही हिशेबी. वेग दुप्पट झाला की गाडी थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, हे मी दरवर्षी पोरांकडून घोकून घेते आणि स्वतः माझ्या छोट्या गाडीतून टोंक रोडवर चाळीसच्या वर जात नाही. अशा बाईने छत नसलेल्या आणि सीटबेल्टचा पत्ता नसलेल्या, माझ्यापेक्षा वयाने मोठ्या गाडीतून पुष्करला का जावं? सांगते.

आमच्या घरी बाईसाहेब आहेत. म्हणजे गाडी. हिरवी, दोन सीटची, कापडी हुड मागे दुमडायचं अशी विलायती रोडस्टर. बाबा मूळचे साताऱ्याकडचे, फौजेच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. शेवटची पोस्टिंग जयपूरला झाली आणि आम्ही तिलक नगरातच राहिलो. त्या वर्षी एका ठाकूरसाहेबांच्या हवेलीमागे ही गाडी पडलेली त्यांना दिसली. सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. कोंबडी ठाकूरसाहेबांनी ठेवून घेतली, गाडी बाबांना भंगाराच्या भावात दिली. तीन वर्षं खपून बाबांनी ती उभी केली.

माझा धाकटा भाऊ निखिल गुडगावला नोकरी करतो. त्याने दिवाळीत दिल्लीहून जुन्या बाजारातली, पण तशी नवीच कूपे घेतली. चंदेरी, दोन दारांची, छत इतकं बुटकं की आत शिरताना नमस्कार घातल्यासारखं वाकावं लागतं. एबीएस, एअरबॅग, एसी, सगळं आहे. तेव्हापासून घरात एकच वाद. "बाबा, मतलब, एकदा दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर नेऊ ना. मग सांगा कोणती भारी," निखिल म्हणायचा. "ने की," बाबा म्हणायचे. शेवटी फेब्रुवारीतला शनिवार ठरला. जाताना मी बाबांबरोबर रोडस्टरमध्ये, निखिल एकटा कूपेत.

हे झालं सगळ्यांना सांगायचं कारण. खरं कारण आदल्या दिवशी आईने स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीच्या आवाजात मला सांगितलं.

"डिसेंबरात मोती डुंगरीपाशी यांनी पेरूच्या हातगाडीला धडक दिली, आठवतं? हे म्हणाले ती आडवी आली. मी त्या पेरूवाल्याला नंतर भेटले गं. तो म्हणाला, माताजी, ठेला तो खड़ा था. उभ्या गाड्याला धडकले!"

"मग मी काय करू?"

"शेजारी बस आणि नीट बघ. तू चालवू दे म्हणालीस तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. तू नको म्हणालीस, तर किल्ली माझ्या मसाल्याच्या डब्यात."

"आई, मला काय कळतंय गाडीतलं?"

"भीती तरी कळते ना? निखिलला तीही कळत नाही."

झालं. बापाची परीक्षा घ्यायला लेक निघाली.

पहिली गोष्ट मला खटकली ती निघायची वेळ. बाबा म्हणजे पहाटे पाचला निघणारा माणूस. लहानपणी साताऱ्याला जाताना आम्ही दात घासायच्या आत स्टेशनवर पोचलेले असायचो. आणि या वेळी म्हणाले, "नऊला निघू. थंडी आहे." बाबांना थंडी? दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी निखिलला बजावलं, "तू पुढं राहायचं. साठच्या वर जायचं नाही, आणि दिवसा पण मागचे दिवे लावायचे."

"बाबा, साठ? ही गाडी साठला झोपते!"

"झोपू दे. पुढं राहा."

जाणाऱ्यांसाठी माहिती: जयपूर ते अजमेर साधारण एकशे पस्तीस किलोमीटर, रस्ता नवा, सहापदरी, गुळगुळीत. पेट्रोल आता पन्नाशीला टेकतंय, तेव्हा टाकी घरूनच भरून निघा. टोलचे सुट्टे पैसे हाताशी ठेवा, आणि रोडस्टरने जात असाल तर कानटोपी, रुमाल आणि पोटात काहीतरी गरम हवंच. गुळगुळीत रस्त्यावर भीती कसली, असं वाटेल. तर ऐका. रोडस्टरमध्ये तुमची बैठक इतकी खाली असते की शेजारून जाणाऱ्या ट्रकचं चाक तुमच्या कानाशी फिरतं. बगरूपर्यंत मी तीन ट्रकांची नटबोल्टं मोजली. दुदूच्या अलीकडे एक ट्रॅक्टर उलट्या बाजूने, आपल्याच लेनमध्ये, निवांत आला. माझ्या तोंडून "आई गं!" एवढंच निघालं. बाबांनी निखिलच्या मागोमाग गाडी डावीकडे घेतली आणि पुन्हा उजवीकडे, जसं काही झालंच नाही.

ब्रेक कसा दाबायचा हे त्यांनी मला तिथेच सांगितलं. रोडस्टरच्या ब्रेकचं पेडल पहिल्या खेपेला खाली जातं, ब्रेक लागतच नाही. सोडून पुन्हा दाबलं की लागतो. "पहिला दाब सलामीचा, दुसरा कामाचा," ते म्हणाले. "जुनं लायनिंग आहे, नवं मिळत नाही. पायाला सवय पाहिजे बस." मी मनात हिशेब केला: साठच्या वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ सतरा मीटर जाते. म्हणजे सलामी देईपर्यंत आपण बऱ्यापैकी पुढच्या जन्मात. पण एक सांगू? भीतीच्या मधे मधे मला मजा येत होती. दोन्ही बाजूंना पिवळी मोहरी, डोक्यावर आभाळ, आणि शेतातली माणसं हात हलवतायत. कूपेकडे बघून कोणी हात हलवला नाही, हे मी निखिलला मुद्दाम नंतर सांगितलं.

एक मात्र मी टिपून ठेवलं. बाबा उत्तम चालवत होते. गिअर लोण्यासारखे. निखिलच्या मागे अंतर ठेवलं होतं ते एकसारखं, ना कमी ना जास्त. किशनगढला संगमरवराच्या लाद्यांनी लादलेले ट्रक वाकडेतिकडे उभे होते, तिथूनही ते अलगद निघाले. मी आईला एसएमएस टाकला: 'सगळं ठीक.' आई कसली नुसतं वाचून सोडते! लगेच मिस्ड कॉल आला.

अजमेरला बाराला पोचलो. कढी-कचोरी खा, चुकवू नका. गरम कचोरी फोडून वर कढी ओततात, दहा रुपयांत पोट भरतं. तिथे बाईसाहेबांचं पाणी उकळलं. ती निवेपर्यंत, मग होज पाइपची क्लिप शोधेपर्यंत चार वाजले. निखिल कूपेत एसी लावून, सीट मागे टाकून झोपला होता. या बाबतीत कूपेला पैकीच्या पैकी गुण.

अजमेर ते पुष्कर मधे एकच डोंगर आहे. बारा-तेरा किलोमीटरचाच रस्ता, पण घाट वळणावळणाचा आणि माकडांचा. चढताना ठीक होतं, डोंगराची सावली होती. माथ्यावर आलो आणि समोर सूर्य. थेट डोळ्यात. बाबांनी गाडी कडेला घेऊन थांबवली. इंजिन बंद केलं नाही, नुसते बसून राहिले.

"इथून पुढं तू चालव, मंजू."

"मी? बाबा, घाटात? उतारावर?"

"शिकायचं तर उतारावरच शिकावं. ऊठ."

निखिल पुढे वळणाआड दिसेनासा झाला होता. मागे एक बस हॉर्न देत होती. नाही म्हणायला मला तोंड होतं, पण बाबा दार उघडून उतरलेसुद्धा होते. मी स्टिअरिंगवर बसले. पहिली दोन वळणं गेली. तिसऱ्या वळणापलीकडे एक जीप उभी, रस्ता अडवून, लोक माकडांना केळी देतायत. मी ब्रेक दाबला.

पेडल तळाला गेलं. गाडी गेलीच पुढे.

माझ्या छोट्या गाडीत काय करते मी? दाबून धरते. तेच केलं. जीव खाऊन दाबून धरलं. सगळं फिजिक्स, सलामी, काम, काही म्हणजे काही आठवलं नाही. केळी धरलेला एक छोटा हात मला अजून दिसतो.

"सोड," बाबा म्हणाले. ओरडले नाहीत. "सोड पाय. आता परत दाब." आणि त्यांनी हँडब्रेक खेचला.

मी सोडलं. दाबलं. लागला. जीपच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर गाडी थांबली आणि इंजिन बंद पडलं. जीपमधली बाई आमच्याकडे बघून म्हणाली, "कितनी सुंदर गाड़ी है!" मला हुंदका आला. बाबांनी पाठीवर हात ठेवला.

पुष्करला सरोवराजवळच्या साध्या लॉजमध्ये दोन खोल्या मिळाल्या, सहाशे रुपये खोली, गरम पाणी सकाळी बादलीने. रबडीचे मालपुवे खाल्ले. नेहमी मी चार खाते, त्या दिवशी अर्धा गेला नाही. निखिलला घाटातलं सांगितलं नाही. मला वाटत होतं, चूक माझी होती आणि वाचवलं बाबांनी. म्हणजे परीक्षेत ते पास, मी नापास. आईला काय सांगायचं ते ठरलंसुद्धा होतं.

रविवारी सकाळी निखिलने हट्ट धरला. "बाबा, आता माझी चालवून बघा ना. गावाबाहेर रस्ता खाली असतो." मी मागच्या सीटवर. कूपेची मागची सीट म्हणजे लोकांना फसवण्यासाठी दिलेली वस्तू आहे. गुडघे हनुवटीला लागले होते. पण आतली शांतता! ना वारा, ना खडखड. सत्तर कधी झाले कळलं नाही, आणि हेच मला जास्त भीतीदायक वाटलं. रोडस्टरमध्ये चाळीसला जीव जातोय असं वाटतं, म्हणून माणूस जपून राहतो.

वळणावर एक चहाची टपरी होती. तिथे शेळ्या रस्त्यात आल्या. पांढऱ्या, सात-आठ. मला लांबून दिसल्या. मी वाट बघत होते बाबा कधी ब्रेक लावतात याची. फार उशिरा लावला. आणि कसा लावला? दाबला, सोडला, दाबला, सोडला. एबीएसच्या गाडीत पाय रोवून धरायचा असतो, बाकीचं गाडी बघते. पाय उचलला की तेवढा वेळ ती मोकळी पळते. निखिल ओरडला, "बाबा, दबाके रखो!" शेळ्या उधळल्या. गाडी रस्ता सोडून टपरीच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांत घुसली आणि थांबली. खुर्च्या रिकाम्या होत्या. देवाची कृपा म्हणा, की रविवारी सकाळी तिथे गिऱ्हाईक नव्हतं.

टपरीवाला धावत आला. "बाऊजी, कुर्सी ही तो है. आप ठीक हो न?" त्याने बाबांना पाणी दिलं. आम्ही खुर्च्यांचे पैसे दिले, तरी वर चहा पाजला.

निखिल पांढराफटक पडला होता. "बस झालं. ताई, तू बघितलंस ना? आता आईला सांग. बाबांनी चालवायची नाही."

"अरे, पाय चुकला त्यांचा!" मी तावातावाने म्हणाले. "चाळीस वर्षांची सवय आहे ती. तुला सांगितलं नाही, पण काल घाटात मी नेमकी उलटी चूक केली. तुझी गाडी दाबून धरायची, त्यांची सोडून दाबायची. यात वयाचा काय संबंध? पाय चुकला, नजर नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि कप खाली ठेवला.

लॉजवर आल्यावर मी म्हटलं, आता लगेच निघू, ऊन चढायच्या आत. बाबा म्हणाले, "जेवून निघू." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी पुष्करहून जयपूरला जाताना सूर्य समोर असतो. दुपारनंतर पाठीशी. काल घरून नऊला निघालो तेव्हाही तो पाठीशी होता. घाटात मात्र समोर आला.

ते रोडस्टरचं बॉनेट उघडून उभे होते. मी शेजारी जाऊन विचारलं, "बाबा, शेळ्या किती होत्या?"

बराच वेळ त्यांनी एकच बोल्ट पुसला.

"मोजल्या न्हाईत. काहीतरी पांढरं हललं, म्हणून दाबला."

"आणि काल हायवेवर?"

"निख्याचे दोन लाल दिवे दिसत होते. त्यांच्या मागं मागं आलो. ऊन समोर आलं की सगळं दुधासारखं होतं गं."

म्हणजे एकशे पस्तीस किलोमीटर मी अशा माणसाशेजारी बसून मोहरी बघत आले होते. मला राग आला. "मोतीबिंदू आहे बाबा हा. अर्ध्या तासाचं ऑपरेशन. डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"गेलो होतो. ऑपरेशन सांगितलंय." त्यांनी फडकं घडी करून खिशात घातलं. "आमच्या वर्कशॉपातला एक जण डोळा करायला गेला होता. डोळाच गेला त्याचा. मला भीती वाटते, मंजू."

छत्तीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. घरात भीती हे माझं खातं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आईला बोलू नकोस. एक महिनाभर. तुला तिनं कशाला शेजारी बसवलंय, एवढं कळतं मला. महिनाभर फक्त बाईसाहेब राहू दे माझ्याकडं."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. हात पुढे केला आणि किल्ली घेतली.

परतीचं प्रवासवर्णन थोडक्यात. जयपूरपर्यंत मी चालवली. घाटातून पुन्हा उतरले, या खेपेला दुसऱ्या गिअरमध्ये, प्रत्येक वळणावर सलाम, मग काम. हायवेवर पन्नासच्या वर गेले नाही. बाबा शेजारी डोळे मिटून बसले होते आणि मला सांगत होते, "मागं ट्रक आहे, लोड आहे त्याच्यात, जाऊ दे." आरशात बघायची मला हिंमत नव्हती, पण ट्रक खरंच असायचा. किशनगढनंतर माझ्या पोटरीत गोळे आले. पाच तास लागले. दुदूला थांबून मी दोन चहा घेतले आणि बाबांनी माझ्याकरता मिरची वडा सांगितला, जणू मी दहावी पास झाले होते.

तिलक नगरात आई फाटकात उभी होती. मला गाडी चालवताना बघून तिचा हात तोंडावर गेला. बाबा हातपाय धुवायला आत गेले. आईने विचारलं, "काय बघितलंस?"

मी सगळं सांगितलं. दिवे, दूध, शेळ्या, पेरूची हातगाडी. बाबा दारात कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं आणि आत निघून गेले.

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना वाटी सरकवायला सांगायचं असलं तरी आईमार्फत. मी रडले, खोटं कशाला सांगू? निखिल फोनवर म्हणाला, "ताई, तू बरोबर केलंस." बरोबर केल्याने काही बरं वाटत नाही. पाचव्या दिवशी सकाळी बाबा वर्तमानपत्र डोळ्यांपाशी धरून म्हणाले, "मंजू, डॉक्टरची वेळ घेतलीस का?"

आता, मेलमधून तुम्ही वाचक विचारताय म्हणून सांगते. कोणती गाडी भारी? लांबच्या रस्त्याला, लेकराबाळांसह (लेकरं लहान चणीची असली तर), डोळे झाकून कूपे. ती माणसाच्या चुका पोटात घालते. रोडस्टर काही पोटात घालत नाही, आणि पाऊस, धूळ, ट्रकचा धूर सगळं तुमच्या तोंडावर. दोन्ही चालवणार असाल, तर एवढं करा: बसल्यावर आधी पायाला सांगा आपण कुठे आहोत.

परवा ऑपरेशन होतं. निखिल मुद्दाम कूपे घेऊन आला होता, एसी लावून दारात उभी. बाबा तिच्यावरून हात फिरवून पुढे गेले आणि रोडस्टरमध्ये डाव्या बाजूला जाऊन बसले. दवाखाना तीन किलोमीटर. ऊन समोर होतं. त्यांनी डोळे मिटले होते. सिग्नल आला, मी सलामी दिली, मग काम. गाडी थांबली.

"चांगला दाबलास," ते म्हणाले.

"बाबा, भीती वाटतेय?"

"वाटतेय. तुला?"

"मला पण."

"मग हळू चालव," बाबा म्हणाले.